डोंगरात सुटलेला घोडा: पट्टी, चिप आणि हुलिया

तीन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या पावसात, खारघरच्या डोंगरामागच्या वाटेवर, विजेच्या कडकडाटाने माझी घोडी बिथरली. मी खाली पडले आणि हरणी खोगीर-लगामासह पावसात दिसेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती तळोज्याच्या बाजूला म्हशींच्या एका गोठ्यात सापडली. गोठ्याच्या मालकाने तिला वैरण-पाणी दिले होते आणि गुडघ्यावरची जखमही धुतली होती, परंतु ती कोणाची हे कळण्याचा कोणताही मार्ग त्याच्यापाशी नव्हता. माझा नंबर कोरलेली चामडी पट्टी खोगिराच्या कडीला लावलेली होती, आणि तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, तुटून ते खोगीर वाटेत कुठेतरी पडले होते. मी पोहोचण्याआधी दोन माणसे येऊन ‘घोडी आमची आहे’ असे सांगून गेली होती, त्यामुळे माझ्याही शब्दावर त्याने लगेच विश्वास ठेवला नाही, आणि ते योग्यच होते. तिच्या डाव्या मागच्या पायाचा पांढरा मोजा आणि कपाळावरचे जोडभोवरे मी न पाहता सांगितले, फोनमधला एक जुना फोटो दाखवला, तेव्हा कुठे ती माझ्या हाती आली. त्या फोटोत तिचे अर्धेच तोंड दिसत होते.

त्या दिवसापासून मी घोडा सापडणे आणि तो आपल्याला परत मिळणे या दोन गोष्टी वेगळ्या मानते. ठाणे आणि नवी मुंबईच्या परिसरात घोड्याएवढे जनावर फार काळ कोणाच्या नजरेस पडल्याशिवाय राहणे कठीण आहे. पारसिकचा डोंगर उतरला की ठाणे-बेलापूर रस्ता लागतो, खारघरच्या डोंगराखाली वसाहती आणि पुढे सायन-पनवेल महामार्ग आहे, आणि मुंब्रा-शिळफाट्याकडे कंटेनरची रांग रात्रीही थांबत नाही. सुटलेला घोडा आधी भीतीने धावतो, दम लागला की थांबून चरू लागतो, आणि मग बहुधा पागेच्या दिशेने किंवा दुसऱ्या जनावरांच्या वासाने चालू लागतो. आपल्याकडे ही वाट एखादा मोठा रस्ता ओलांडूनच जाते. म्हणजे त्याला पहिल्यांदा पाहणारा माणूस घोड्यांचा जाणकार नसतो. तो सोसायटीचा रखवालदार, ट्रकचालक, वाहतूक पोलीस, किंवा फणसवाडी-चाफेवाडीसारख्या पाड्यावरची लाकूडफाटा आणायला निघालेली बाई असते. त्या माणसापाशी घोड्याच्या अंगातली ओळखीची चिप वाचण्याचे यंत्र नसते, आणि पुष्कळदा घोड्याच्या फार जवळ जाण्याचे धैर्यही नसते. ओळखीची सगळी व्यवस्था या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशी व्यवस्था तीन थरांची असावी लागते. पहिला थर कोणालाही उपकरणाशिवाय वाचता येईल असा नंबर, दुसरा घोड्याच्या शरीरातून सहज काढता न येणारी खूण, आणि तिसरा या दोन्हींचा आपल्याशी संबंध जोडणारा कागद. ही कल्पना नवी नाही. अल्लाउद्दीन खिलजीने चौदाव्या शतकाच्या आरंभी फौजेतल्या घोड्यांना दाग, म्हणजे डाग, देण्याची आणि शिपायांचा हुलिया, म्हणजे अंगखुणांचे वर्णन, लिहून ठेवण्याची पद्धत घातली आणि पुढे अकबराने ती पुन्हा सुरू केली, कारण तपासणीच्या वेळी उमदा घोडा दाखवून मोहिमेवर भलतेच तट्टू नेण्याची लबाडी सर्रास चालत असे. अंगावरची खूण आणि लेखी वर्णन एकमेकांशी जुळले पाहिजे, हे तत्त्व आजही तेच आहे.

दुरून वाचता येणारा नंबर

नंबर खोगिरावर नव्हे, घोड्याच्या अंगावर असला पाहिजे. रपेटीला निघताना लगामाच्या खाली म्होरकी ठेवावी. फांदीत अडकून किंवा पाय पडून लगाम तुटतो, खोगीर पोटाखाली फिरून गळून पडते, पण म्होरकी बहुधा डोक्यावर राहते, आणि घोड्याला पकडणाऱ्यालाही ती धरता येते. मात्र नायलॉनची अखंड म्होरकी झाडाला अडकली तर तुटत नाही आणि घोडा तिथेच अडकून मान किंवा डोके जखमी करून घेतो. म्हणून म्होरकी संपूर्ण चामड्याची घ्यावी, किंवा नायलॉनची असेल तर कानामागून जाणारा पट्टा तरी पातळ चामड्याचा लावून घ्यावा, म्हणजे जोराचा हिसका बसल्यावर तो तुटेल. ती तुटली तर नंबरही तिच्याबरोबर जाईल, ही शंका बरोबर आहे. त्याच कारणासाठी नंबर एकाहून अधिक ठिकाणी हवा.

म्होरकीच्या गालपट्टीवर पितळेची सपाट पट्टी रिव्हेट मारून बसवावी. लोंबकळणारा बिल्ला झुडपात अडकतो आणि त्याच्या खणखणाटाने काही घोडे बुजतात. खाडीकाठची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत साधी लोखंडी पट्टी एका हंगामात गंजते, शाईने लिहिलेले धुऊन जाते आणि प्लॅस्टिकवरची छपाई उन्हाने विटते, म्हणून अक्षरे कोरूनच घ्यावीत. नेमप्लेट आणि रबरी शिक्के करणाऱ्या दुकानांत हे काम होते. पट्टी करून आणल्यावर आठवडाभर रोजच्या वापरात ठेवून घोड्याच्या गालाला कड टोचत नाही ना, हे पाहावे.

पट्टीवर काय लिहायचे, यावर थोडा विचार करावा लागतो. मी दोन नंबर लिहिते, आणि त्यातला पहिला नंबर माझा स्वतःचा नाही. घोडा सुटतो त्या वेळी स्वार जखमी असू शकतो, त्याचा फोन खोगिराच्या पिशवीत घोड्याबरोबरच गेलेला असू शकतो, किंवा डोंगराच्या घळीत त्याला नेटवर्क नसते. म्हणून पहिला नंबर पागेवर किंवा घरी हमखास फोन उचलणाऱ्या माणसाचा असावा आणि दुसरा स्वाराचा. मजकूर देवनागरीत लिहावा, कारण मराठी आणि हिंदी वाचणाऱ्या दोघांनाही तो वाचता येतो, पण फोनचे अंक मात्र इंग्रजी वळणाचे असावेत, कारण तेच बहुतेकांच्या सवयीचे आहेत. घरचा पत्ता लिहू नये. माझ्या पट्टीवर नंबरांच्या वर एवढेच शब्द आहेत:

हरवली आहे. फोन करा. पाणी द्या, दाणा देऊ नका.

दाण्याबद्दलची सूचना मी मुद्दाम घातली आहे. सापडलेल्या जनावराला लोक मायेने पोटभर हरभरा, पोळ्या किंवा तांदूळ खाऊ घालतात, आणि भुकेल्या, दमलेल्या घोड्याला एकदम दिलेला असा खुराक पोटशूळ आणू शकतो. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात गेलेले बाहेर काढण्याचा सोपा उपायही नसतो. गवत आणि पाणी एवढेच पुरेसे असते.

दुसरी पट्टी आयाळीत बांधावी. मानेच्या मुळाशी, खोगिराच्या लगेच पुढे असलेल्या आयाळीची बारीक वेणी घालून तिच्यात सामानाला लावतात तसा मजबूत, छोटा बिल्ला रबराने गुंफावा. वेणी बारीकच हवी, म्हणजे बिल्ला कुठे अडकला तर चार केस तुटून तो सुटेल आणि घोडा अडकणार नाही. खोगीर, लगाम, म्होरकी असे सगळे सामान गेले तरी हा बिल्ला राहण्याची शक्यता पुष्कळ असते.

लांब पल्ल्याच्या किंवा रात्रीच्या मुक्कामाच्या रपेटीला मी खुरांवरही नंबर लिहिते. खूर घासून धुवावा, पूर्ण कोरडा करावा, बाहेरच्या बाजूला पक्क्या शाईच्या मार्करने नंबर लिहावा आणि वर नखांना लावायच्या रंगहीन पॉलिशचे दोन हात द्यावेत. चिखलात हे दोन-चार दिवस टिकते, तेवढे रपेटीला पुरते. नालबंदाकडून खुराच्या कवचावर उथळ अंक कोरून घेण्याचीही पद्धत आहे. कवचाच्या बाहेरच्या थरात संवेदना नसते, पण ते काम जाणत्या हातानेच व्हावे. खूर महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर वाढतो, त्यामुळे कोरलेले अंक हळूहळू खाली सरकत जातात आणि काही महिन्यांनी नालबंदीत कापले जातात. नाल बदलायच्या दिवशी अंक कुठवर आले आहेत ते पाहण्याची सवय ठेवावी.

पूर, आग किंवा एकदम पागा सोडावी लागण्याची वेळ आली तर जनावरांसाठी मिळणाऱ्या मेणकट खडूने घोड्याच्या पुठ्ठ्यावर (मागच्या मांसल भागावर) किंवा मानेवर हातभर उंचीचे अंक लिहावेत. काळ्या-तांबड्या घोड्यावर पांढरे, पांढऱ्यावर गडद. ऑइलपेंट वापरू नये, त्याने कातडीची आग होते.

खोगिरावर पट्टी लावूच नये, असे मात्र नाही. हरणीचे खोगीर दोन दिवसांनी एका गुराख्याला ओढ्याकाठी मिळाले आणि त्यावरच्या नंबरावर त्याने फोन केला. ते आदल्या दिवशी मिळाले असते तर शोधाची दिशा तरी कळली असती. खोगीर, घोंगडी, पिशवी या सगळ्यांवर नंबर असावा, फक्त घोड्याच्या ओळखीसाठी त्यांच्यावर विसंबू नये. स्वाराने आपला फोन आणि नाव, रक्तगट, घरचा नंबर लिहिलेले कार्ड अंगावरच्या खिशात ठेवावे, खोगिराच्या पिशवीत कधीही ठेवू नये.

शरीरातली खूण

गाई-म्हशींच्या कानातला बारा अंकी पिवळा बिल्ला आता सगळ्यांच्या परिचयाचा झाला आहे. घोड्याला असा बिल्ला मारू नये. घोड्याचे कान पातळ आणि सतत हलते असतात, म्होरकी आणि लगाम त्यांच्यावरूनच चढवावे लागतात, आणि फाटलेला कान जन्मभर तसाच राहतो. घोड्यासाठी योग्य मार्ग मायक्रोचिपचा आहे.

ही चिप तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी, काचेच्या आवरणातली असते. पशुवैद्यक ती जाड सुईने मानेच्या डाव्या बाजूला, दोन कानांमागचा माथा आणि खांद्यावरचा उंचवटा यांच्या साधारण मध्यावर, आयाळीच्या किंचित खाली असलेल्या मजबूत स्नायुबंधात बसवतो. तिथे ती सहसा जागची हलत नाही. चिपमध्ये बॅटरी नसते. रीडर काही सेंटिमीटरवर आणला की त्याच्या लहरींनी ती जागी होते आणि आपला पंधरा अंकी क्रमांक सांगते, एवढेच तिचे काम. घोडा कुठे आहे हे ती सांगू शकत नाही. हा गैरसमज मला इतक्या वेळा भेटला आहे की तो इथे स्पष्ट करणे आवश्यक वाटते. चिप घेताना ती आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, १३४.२ किलोहर्ट्झवर चालणारी आहे ना, हे विचारावे, कारण जुन्या वेगळ्या लहरींवरच्या चिपा सगळ्या रीडरना वाचता येत नाहीत. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने २०१३ पासून आपल्याकडे नव्याने नोंदल्या जाणाऱ्या घोड्यांना चिप सक्तीची केली आहे, यावरून या पद्धतीवरचा विश्वास लक्षात यावा.

सुई टोचण्याआधी पशुवैद्यकाने मानेच्या दोन्ही बाजूंना रीडर फिरवून पाहावा. महालक्ष्मी किंवा पुण्याच्या शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड आपण घेतला असेल तर त्याला आधीच चिप असण्याची दाट शक्यता असते, आणि एका घोड्यात दोन क्रमांक असणे म्हणजे उद्याच्या वादाला आमंत्रण देणे. अशा घोड्याबरोबर त्याची कागदपत्रेही मागून घ्यावीत आणि मालकीची नोंद आपल्या नावावर करून घ्यावी. चिप माझ्या घोड्यात आणि कागदावर नाव जुन्या मालकाचे, अशी अवस्था वर्षानुवर्षे ठेवणारे पुष्कळ जण मी पाहिले आहेत. घोडा हरवल्याशिवाय त्यांना ती आठवत नाही.

क्रमांक मिळाल्यावर तो कोणत्या नोंदवहीत, कोणाच्या नावापुढे आणि कोणत्या फोन नंबरासह चढवला जात आहे, हे पशुवैद्यकालाच विचारून लेखी घ्यावे. नोंद न झालेली चिप म्हणजे नुसताच एक आकडा. फोन नंबर बदलला की त्याच आठवड्यात नोंदही बदलावी. वर्षातून एकदा, धनुर्वाताची लस टोचून घेताना, चिप वाचली जाते ना हे तपासून घ्यावे, त्याला मिनिटभरही लागत नाही. चिपचा आणखी एक उपयोग आरोग्याच्या कागदांचा आहे. ग्लँडर्स हा माणसालाही होऊ शकणारा घोड्यांचा घातक रोग २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली सरकारला कळवावा लागतो, आणि त्याच्या तपासणीत हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचा मोठा वाटा आहे. रक्ताच्या अहवालावर चिपचा क्रमांक असला तर तो अहवाल याच घोड्याचा आहे, हे निर्विवाद ठरते.

अतिशीत डागाची पद्धत परदेशात बरीच वापरली जाते. उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये थंड केलेला तांब्याचा किंवा पितळेचा ठसा काही सेकंद कातडीवर दाबला की तिथल्या केसांना रंग देणाऱ्या पेशी मरतात आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत तिथे पांढरे केस उगवतात. ती खूण दुरून दिसते, उपकरणाशिवाय वाचता येते आणि चोरालाही परावृत्त करते, हा तिचा मोठा गुण आहे. तरीही हे काम सराव असलेल्या पशुवैद्यकाशिवाय कोणीही करू नये, कारण काही सेकंद कमी-जास्त झाल्याने अंक वाचता येईनासे होतात किंवा जखम होते. तापलेल्या लोखंडाचा डाग मात्र मी पूर्णपणे त्याज्य मानते. चिप उपलब्ध असताना जनावराला तशा वेदना देण्याचे कोणतेही कारण उरत नाही.

हुलिया

तिसरा थर सर्वांत स्वस्त आहे आणि त्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. आपण आपल्या घोड्याला हजारात ओळखतो, पण त्याचे वर्णन फोनवर पोलिसाला सांगायची वेळ येते तेव्हा ‘तपकिरी आहे, मोठा आहे’ याच्या पुढे शब्द सुचत नाहीत. एका कागदावर हे वर्णन निवांतपणे, घोड्यासमोर उभे राहून लिहावे.

रंगासाठी आपल्या भाषेत जुने, नेमके शब्द आहेत आणि ते वापरावेत: कुमाईत, सुरंग (सगळाच तांबूस), मुश्की (काळा), सबजा (राखाडी-पांढरा), अबलख (पांढरे मोठे डाग असलेला). चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी. परंतु हे शब्द न जाणणाऱ्यासाठी शेजारी साधे वर्णनही लिहावे, जसे कुमाईतापुढे ‘अंग तांबूस तपकिरी, आयाळ, शेपटी आणि पायांची खालची बाजू काळी’. त्यानंतर नर, मादी की खच्ची केलेला, जात, वय, आणि खांद्यावरच्या उंचवट्यापर्यंतची उंची लिहावी. घोड्याच्या व्यवहारात उंची ‘हँड’मध्ये मोजतात आणि एक हँड म्हणजे चार इंच, पण कागदावर सेंटिमीटरही द्यावेत. मारवाडी किंवा काठियावाडी घोड्याचे आत वळलेले कान, चालीत रेवाल (न हिंदकळणारी जलद चाल) असेल तर ती, जुन्या जखमांचे वण, खोगिराच्या घर्षणाने उगवलेले पांढरे केस, हे सगळे नोंदवावे.

पांढऱ्या खुणा लिहिताना त्या कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात हे लिहावे. ‘कपाळावर टिळा’ हे हजारो घोड्यांना लागू पडते. ‘डोळ्यांच्या रेषेच्या वर, किंचित उजवीकडे झुकलेला, रुपयाएवढा टिळा, आणि डाव्या नाकपुडीजवळ गुलाबी ठिपका’ हे फार थोड्यांना. पाय मोजताना डावा आणि उजवा घोड्याचा धरावा, समोर उभ्या असलेल्या माणसाचा नव्हे.

अंगावर एकही पांढरा केस नसलेल्या घोड्याचे काय, हा प्रश्न रास्त आहे. अशा वेळी भोवरे उपयोगी पडतात. आपल्याकडे भोवऱ्यांवरून घोड्याचे शुभाशुभ पाहण्याची जुनी परंपरा आहे आणि सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आजही गिऱ्हाईक आधी भोवरे पाहते. शुभाशुभावर माझा विश्वास नाही, परंतु त्या परंपरेमुळे भोवरे पाहण्याची नजर आपल्या लोकांत टिकून राहिली, याबद्दल मला कृतज्ञता वाटते. केसांचे हे भोवरे जन्मापासून मरेपर्यंत जागा बदलत नाहीत, आणि कपाळ, मान, छाती, कूस यांवरची त्यांची संख्या व मांडणी घोड्यागणिक वेगळी असते. म्हणूनच घोड्यांच्या पासपोर्टातल्या, म्हणजे ओळखपुस्तिकेतल्या, आकृतीवर प्रत्येक भोवरा फुलीने दाखवण्याची पद्धत आहे. पायांच्या आतल्या बाजूला, पुढच्या पायात गुडघ्याच्या वर आणि मागच्या पायात मधल्या मोठ्या सांध्याखाली, खडबडीत शिंगासारखी एक गाठ असते. तिचा आकारही प्रत्येक घोड्यात निराळा असतो, म्हणून तिचाही जवळून फोटो घ्यावा.

फोटो सकाळच्या मऊ उजेडात, सपाट जागी, खोगीर न घालता, अंग धुऊन काढावेत. डावी बाजू, उजवी बाजू, समोरून, मागून, चेहरा, चारही पाय गुडघ्याखाली, भोवरे, वण, आणि एक फोटो आपण स्वतः घोड्याशेजारी उभे राहून. चारही खूर फोटोत यायला हवेत, गवतात पाय बुडालेले नकोत. सबजा घोडा वर्षागणिक पांढरा होत जातो आणि शिंगराचा रंग तर पहिल्या वर्षातच ओळखू न येण्याइतका बदलतो, म्हणून शिंगराचे फोटो दर दोन-तीन महिन्यांनी आणि मोठ्या घोड्याचे पावसाळ्याआधी व हिवाळ्यात असे दोनदा काढावेत. चालताना आणि दुडकी धावतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ असावा, कारण चालीवरून घोडा ओळखणारी माणसे अजून आहेत. हे सगळे फोनमध्ये, घरातल्या आणखी एका व्यक्तीच्या फोनमध्ये आणि छापील स्वरूपात पागेवर ठेवावे, आणि सोबत खरेदीची पावती, चिपचा क्रमांक व लसीचे कार्ड असावे. आयाळीचे मुळासकट उपटलेले वीस-तीस केस कोरड्या कागदी पाकिटात तारीख घालून ठेवले तर डीएनए तपासणीची वेळ आल्यास तेही उपयोगी पडतात.

मालकीचा पुरावा इतका हवा कशाला, तर सुटलेले जनावर कोंडवाड्यात जाऊ शकते. १८७१ च्या कॅटल ट्रेसपास कायद्यात ‘गुरे’ या शब्दाच्या व्याख्येत घोडा, घोडी, तट्टू, शिंगरू आणि खेचरही येतात. त्या कायद्याच्या मूळ तरतुदीनुसार सात दिवसांत कोणी हक्क सांगायला आला नाही तर वर्णनासह नोटीस लागते आणि त्यानंतर आणखी सात दिवसांनी लिलाव होऊ शकतो. कोंडवाड्याच्या खिडकीसमोर उभे राहून घोडा आपला असल्याचे सिद्ध करायचे असते तेव्हा हुलियाचा कागद हातात असणे किती मोलाचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

ट्रॅकर आणि घागरमाळ

सिमकार्डाचा जीपीएस ट्रॅकर घ्यायला हरकत नाही, पण त्याला आपली जागा कळली तरी ती आपल्याला कळवायला मोबाइलचे नेटवर्क लागते, आणि डोंगराच्या घळीत तेच नसते. किल्ल्यांना लावायचे छोटे ब्लूटूथ टॅग आसपास दुसऱ्यांचे फोन असतील तरच बोलतात, म्हणजे रस्त्यावर उपयोगी आणि रानात मुके. दोन्हींची बॅटरी निघण्याआधी पाहावी. ते खोगिराला न लावता म्होरकीला किंवा तुटणाऱ्या गळपट्टीला लावावेत. याउलट गळ्यातल्या घागरमाळेला ना नेटवर्क लागते ना बॅटरी. पावसाळी धुक्यात वीस पावलांवरचे दिसत नाही, पण घुंगरांचा आवाज बराच दूर येतो, आणि तो आपल्या घोड्याचा असल्याचे कानाला कळतेही. माळेला आधी पागेवर सवय करावी. संध्याकाळी परतण्याचा बेत असेल तर गळपट्टीवर आणि मागच्या पायांवर प्रकाश परावर्तित करणारी फीत बांधावी, महामार्गाच्या कडेला तिनेच जीव वाचू शकतो.

घोडा सुटल्यावर

निघण्यापूर्वी कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार, हे पागेवर सांगून जावे. येऊरचे रान संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येते. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय घोडा नेऊ नये. तिथे बिबट्या आहे, आणि परवानगीविना नेलेला घोडा हरवला तर मदत मागतानाही संकोच होतो.

घोडा निसटला तर त्याच्या मागे धावू नये, त्याने तो आणखी पळतो. सुटला ती जागा आणि वेळ फोनमध्ये नोंदवून पहिला फोन पागेवर करावा, कारण पट्टीवरचा पहिला नंबर तिथलाच आहे आणि तो मोकळा राहिला पाहिजे. घोडा रस्त्याच्या दिशेने गेला असेल तर लगेच ११२ वर कळवावे, कारण अंधारात रस्त्यावर उभा असलेला घोडा वाहनचालकांच्याही जिवावर बेततो. त्यानंतर जवळचे पोलीस ठाणे, वनक्षेत्र असेल तर वनखाते, आणि महापालिकेचा कोंडवाडा. जखमी अवस्थेत सापडला तर पशुसंवर्धन खात्याचा १९६२ हा क्रमांक आहे. परिसरातले म्हशींचे गोठे आणि वरातीचे घोडेवाले यांना विसरू नये. भरकटलेला घोडा दुसऱ्या जनावरांकडे ओढला जातो आणि वरातीचा घोडेवाला एका नजरेत परका घोडा ओळखतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकताना डाव्या आणि उजव्या बाजूचे दोन फोटो, सुटल्याची जागा आणि फोन नंबर टाकावा, पण एखादी ठळक खूण मुद्दाम लपवून ठेवावी. ‘सापडला आहे, आधी पैसे पाठवा’ असा फोन आला तर तीच खूण विचारावी.

शोधायला जाताना त्याच्या ओळखीचा दुसरा घोडा आणि बादलीत मूठभर दाणा न्यावा. बादलीचा खडखडाट हाकेपेक्षा लवकर ऐकला जातो. उजेड असेपर्यंत उंचावरून पाहावे आणि ओलसर वाटांवर नालेचे ठसे शोधावेत. प्रत्येक नालबंदीनंतर चारही खुरांचे तळव्याकडून फोटो काढून ठेवले असतील तर आपल्या घोड्याचा ठसा दुसऱ्यापासून वेगळा करता येतो.

परत आणलेला घोडा लगेच इतर घोड्यांच्या शेजारी बांधू नये. तो रात्रभर कोणत्या जनावरांबरोबर होता हे आपल्याला ठाऊक नसते, म्हणून पशुवैद्यकाने तपासेपर्यंत त्याचा ठाण, बादली आणि खरारा वेगळा ठेवावा आणि ताप, नाकातला स्राव, अंगावरच्या गाठी यांवर लक्ष ठेवावे. जखम कितीही लहान असली तरी धनुर्वाताच्या लसीची तारीख पाहावी. पट्टी, आयाळीतला बिल्ला आणि खुरांवरचे अंक यांपैकी काय टिकले आणि काय गेले, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. आणि ज्यांना ज्यांना कळवले होते त्या पोलीस ठाण्याला, गोठ्यांना, व्हॉट्सअ‍ॅप गटांना आणि पाड्यांवर घोडा सापडल्याचे आवर्जून सांगावे, नाहीतर आठवडाभर लोक भलत्याच घोड्यांना अडवून आपल्याला फोन करत राहतात.